जिभेचा नकाशा आणि अम्मींचे सालन

“सालन में नमकच नै है!” गेले काही महिने आमच्या दस्तरखानावर अम्मींची हीच तक्रार. भाभी गप्प राहतात. मुले मात्र त्याच सालनावर पाणी पितात. अम्मींना रक्तदाब, मीठ वाढवणार कसे?

त्याच आठवड्यात आम्ही वर्गात फळ्यावर जिभेचा नकाशा काढला. टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. एका मुलीने विचारले, “मग कारले टोकाला लावले तरी कडू का लागते?” उत्तर आमच्याकडे नव्हते. घरी येऊन वाचले, तेव्हा कळले की इतकी वर्षे आम्ही चुकीचे शिकवत होतो.

1901 मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या भागांत थोडासा फरक आढळला होता. 1942 मध्ये बोरिंग यांच्या पुस्तकातील आलेखामुळे तोच फरक फार मोठा वाटू लागला आणि नकाशा रूढ झाला. खरे तर रुचिकलिका जिथे आहेत तिथे पाचही चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. हे पाचवे नाव 1908 मध्ये जपानच्या इकेदा यांनी दिले. आपल्या शहरातल्या नान खलियाचा रस्सा मंद आचेवर शिजून जिभेवर रेंगाळतो, त्यात हीच चव असते. तिखट ही मात्र चव नव्हे, ती जळजळ आहे.

जेवणाची बरीचशी लज्जत नाकातून येते. नाक दाबून बडीशेप चावा, नुसती गोडसर लागेल. नाक सोडले की सुगंध येईल. मुलांनी हे करून पाहिले आणि हसली. अम्मींनीही केले. म्हणाल्या, “मेरेकू तो दोनों बखत एकच लगरा.”

कुणीच हसले नाही. वयाबरोबर नाक मंदावते. काही औषधांनी आणि कोरड्या तोंडानेही चव जाते. दोष भाभींच्या हाताचा नव्हता, अम्मींच्या स्वभावाचाही नव्हता.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ सांगते. म्हणून मीठ तेवढेच ठेवून आता अम्मींच्या ताटात लिंबू, भाजलेले जिरे, कोथिंबीर येते. डॉक्टरांनाही दाखवणार आहोत. चव अचानक गेली तर आपणही दाखवावे.

दुसऱ्या दिवशी वर्गात तो नकाशा आम्ही पुन्हा काढला आणि त्या मुलीच्याच हातून पुसून घेतला.