खडूने आखलेली खोली

वाचकहो, घर बांधण्याचे शास्त्र आम्हांस अवगत नाही. तीस वर्षे हाती खडू धरला, थापी कधी धरली नाही. तरीही या महिन्यात लेखणी तिकडे वळते आहे, याचे कारण आमच्या घरातच घडले.

आमच्या मातोश्रींचे वय ८४. इंदूरच्या रामबागेतील घर वडिलांच्या वेळचे. वरच्या मजल्यावर आमच्या खोलीस लागून न्हाणीघर व शौचकूप आहे. खालचे शौचकूप मात्र अद्याप परसाच्या टोकाला. जुन्या घरांत ते तेथेच असे. सफाई कामगाराने मागल्या बोळातून यावे, घरातून जाऊ नये, अशी ती निर्दय व्यवस्था होती. कोरड्या शौचालयांवर १९९३ च्या कायद्याने बंदी आली. आमच्याकडे फ्लश त्याआधीच बसला होता. जागा मात्र कोणी हलविली नाही. माजघरातील आईच्या खाटेपासून तेथवर तीन पायऱ्या, उघडा चौक आणि पावसाळ्यात शेवाळ.

या उन्हाळ्यात आईला मूत्रमार्गाचा विकार झाला. "आजी, पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारले. आई गप्प. अखेर सौ.ने सांगितले की, रात्री उठावे लागू नये म्हणून आई दुपारी चारनंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत. हे कित्येक महिने चालले होते. शाळेच्या हजेरीपटावरील एकही गैरहजेरी आमच्या नजरेतून सुटत नाही. घरातल्या या गोष्टीचा पत्ता नव्हता.

परसात दहा बाय बारा फुटांची खोली काढावी व तिला लागूनच शौचकूप-न्हाणी असावी, असे ठरले. परिचित अभियंत्याने नकाशा केला. आईने चष्मा लावून तो पाहिला.

"या चौकोनात काय?"

"शौचकूप."

"देवघराच्या भिंतीला लागून? मी असेतो हे होणे नाही."

हल्लीच्या बांधणीत दुर्गंधी येत नाही वगैरे आम्ही सांगू लागलो. मग उमगले की, जेथे जावयास तिचे मन घेणार नाही ती जागा कितीही जवळ आणली तरी ती पाणी पिणार नाहीच. नकाशा उलटा केला. मध्ये खोली, पलीकडे शौचकूप.

त्यामुळे बोळातील चेंबरही जवळ आले. चार इंची मलवाहिनीस ४० फुटांत सुमारे १ फूट उतार लागतो. नवी जमीन माजघराच्या पातळीतच हवी, मध्ये एकही पायरी नको, हा आमचा हट्ट. म्हणून आधी चेंबर किती खोल आहे ते मोजले. हे मोजमाप मागाहून झाले तर जमीन उचलावी लागते, आणि जी टाळण्यासाठी एवढा खटाटोप, ती पायरी पुन्हा येऊन बसते.

नंतर फरसबंद परसात खडूने पूर्ण मापाची खोली आखली, आईची खाट आणून तीत मांडली आणि आईला वॉकर घेऊन चालावयास सांगितले. अडीच फुटी 'दारात' वॉकर रेघेला अडला. आता दार चौकट वगळून तीन फुटांचे. राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणी व शौचकूप एकत्र असल्यास किमान २.८ चौरस मीटर जागा सांगितली आहे. पण ते धडधाकट माणसाचे माप. उद्या चाकांची खुर्ची आली तर तिला वळावयासच पाच फूट व्यास लागतो. म्हणून सहा बाय आठ फूट धरले. दार बाहेर उघडणारे, कारण आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार पडलेल्याच्याच अंगाने अडते. हाताच्या आधाराच्या दांड्या कोठे येणार ते फरश्या लावण्यापूर्वीच ठरवून तेथील भिंत भक्कम करावी. दिव्याचे बटण खाटेवरून हाती यावे.

खिडकी आम्ही उत्तरेस धरली होती. आईला ती बोळाकडे हवी. "मागे टाकलंत तरी कोण आलं-गेलं ते मला दिसलं पाहिजे," ती म्हणाली. अगदी सहज म्हणाली. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

माळव्याच्या काळ्या मातीविषयी मिस्त्रींनी बजावले आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत न्यावा. नवी भिंत जुनीस एकजीव न करता मध्ये सांधा सोडावा, कारण दोन्ही सारख्या बसत नाहीत व तडा जातो. जुन्या पायालगतचा चरही सलग न खणता तुकड्यातुकड्यांनी खणावा. मोकळ्या सोडावयाच्या जागेचे नियम गावोगाव निराळे. आमचा नकाशा नगर निगमाकडे मंजुरीस गेला आहे.

काम दसऱ्यानंतर निघेल. तोवर खाटेशेजारी कमोडची खुर्ची आणून ठेवली आहे; ती आईला मुळीच पसंत नाही. परसातल्या खडूच्या रेघा पावसाने दोनदा पुसल्या. दोन्ही वेळा आईने नातवाला हाताशी धरून त्या पुन्हा मारून घेतल्या, आणि दुसऱ्या खेपेस खिडकी वीतभर रुंद केली.