येते, पण लिहिता येत नाही

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून पुन्हा वर्णनात्मक झाली. हा बदल 2023 लाच व्हायचा होता. पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले आणि मुदत मिळाली. त्या मुदतीत महाविद्यालयांनी लेखनाची तयारी करून घ्यायला हवी होती. 2012 पासून मुख्य परीक्षेतही पर्यायांपुढचे गोल रंगवत आलेली पिढी आता 1750 गुणांसाठी लिहिणार आहे, आणि तिच्या वह्या कोऱ्या आहेत.

तुटवडा माहितीचा नाही. समजा, प्रश्न आला: ‘विमानतळ व गृहप्रकल्पांमुळे पनवेल तालुक्यातील जमिनीचा वापर कसा बदलला ते सांगा, शेतीवरील परिणाम तपासा आणि उपाय सुचवा.’ तिथल्या कोन गावच्या मुलीला यातले काय ठाऊक नसते? भातखाचरे गेली, इमारती आल्या, 2016 च्या सोडतीत गिरणी कामगारांना घरे लागली ती तिच्याच गावात. ती दीड पान बदलावर लिहिते, परिणाम दोन ओळींत उरकते आणि उपायांपर्यंत पोहोचण्याआधी वेळ संपतो. जे लिहिलेच नाही त्याला परीक्षक गुण कुठून देणार?

राज्याने ज्या धर्तीवर परीक्षा बदलली, त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत 20 प्रश्न असतात. एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटे. 15 गुणांच्या उत्तराला 250 शब्द. म्हणजे वरच्या तीन मागण्यांना प्रत्येकी जेमतेम ऐंशी. आधी क्रियापदे अधोरेखित करायची, मागण्यांच्या क्रमानेच उपशीर्षके टाकायची, प्रस्तावना दोन ओळींत आटोपायची. ‘तपासा’ म्हटले की लाभ-हानी दोन्ही हव्यात. ‘सुचवा’ म्हटले की कोणी काय करायचे ते हवे. हे सांगायला सोपे आहे. अंगवळणी पडायला शेकडो उत्तरे लिहून कोणाकडून तरी तपासून घ्यावी लागतात, आणि खरी मेख तिथे आहे.

पुण्यातल्या क्लासमध्ये शुल्क भरून उत्तरे तपासून मिळतात. ज्यांना तिथली खोली परवडत नाही, त्यांनी वही कोणापुढे धरायची? पनवेल परिसरातील महाविद्यालयांनी निवृत्त प्राध्यापकांना मानधन देऊन दर आठवड्याला उत्तरतपासणी सुरू करावी, बाहेरच्या उमेदवारांनाही दार उघडे ठेवावे. बेलापूरला बसणाऱ्या राज्य लोकसेवा आयोगाने उत्तम उत्तरपत्रिका नावे झाकून, प्रत्येक भागाला मिळालेल्या गुणांसह प्रसिद्ध कराव्यात. दोन्ही गोष्टी पुढच्या मुख्य परीक्षेच्या आत व्हायला हव्यात.