कॅरोलच्या तबकड्या आणि आपले मंडळ



गेल्या वार्षिक सभेत चहाच्या जरा आधी एका ज्येष्ठ सभासदांनी प्रश्न विचारला होता. "मंडळाची मुलं डिसेंबरात चर्चच्या जुन्या रेकॉर्डी धूत बसतात. हे आपलं काम आहे का?" सभागृहाची किल्ली परत देण्याची वेळ झाल्यामुळे उत्तर राहून गेले. हा उपक्रम थांबवावा असा ठराव येत्या सभेत यायचा आहे असे कळते. ठराव मांडण्याचा हक्क सर्वांनाच आहे. फक्त हात वर करण्यापूर्वी आमची बाजू वाचावी, एवढीच विनंती.

आधी काय घडले ते सांगतो. ज्या चर्चचे सभागृह आपण गणेशोत्सवाला आणि दिवाळीला भाड्याने घेतो, तिथले एक कपाट दोन वर्षांपूर्वी रिकामे करत होते. त्यात साठेक जुन्या तबकड्या निघाल्या, बहुतेक नाताळच्या समूहगायनाच्या. त्या कचऱ्याच्या पेटीत निघाल्या होत्या. आम्ही खुर्च्या लावायला गेलो होतो, त्या मागून घेतल्या. एवढीच सुरुवात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही गाणी 'त्यांची', मग आपला संबंध काय? पहिला संबंध त्या तबकडीच्या अंगातच आहे. ७८ची तबकडी लाखेची असते. ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची. जिच्या बांगड्या होतात, जिच्या घरात पांडवांना जाळायचा बेत झाला, तीच. छोटा नागपूरच्या जंगलातली लाख कलकत्त्याहून जहाजाने जगभर जाई. फ्रेड गायसबर्ग यांनी १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी भारतातले पहिले ध्वनिमुद्रण केले, तेव्हा तबकड्या छापून यायच्या त्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. म्हणजे लाख आपली, गाणे आपले, आणि मध्ये समुद्राची दोनदा सफर. इंग्लंडातल्या चर्चमधला नाताळही त्याच लाखेवर उमटला आहे.

दुसरा संबंध भाषेचा. नाताळची गाणी मराठीला परकी नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती भजने लिहिली ती अभंगाच्या, ओवीच्या वळणाने. महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये ती आजही गायली जातात. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्या घरात आहे, त्या घराने कॅरोलला परके म्हणू नये.

तिसरा संबंध परतफेडीचा. मुंबईच्या 'यंग इंडिया' या स्वदेशी कंपनीच्या तबकड्यांचे डिजिटल जतन झाले ते ब्रिटिश लायब्ररीच्या 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम'च्या मदतीने. काम केले मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या हौशी मंडळींनी. त्या वेळी लंडनमध्ये कोणी "हे आपलं काम आहे का?" असे विचारून फाइल बंद केली असती, तर आपले काय राहिले असते?

आता प्रत्यक्ष कामाविषयी. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि चुका करण्यासारखेही. पहिली चूक आमचीच. एका उत्साही हाताने मळकी तबकडी स्पिरिटने पुसली. घरी सुतार फर्निचरला पॉलिश करताना चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे लहानपणी पाहिले होते. तरी ऐन वेळी आठवले नाही! बोळा काळा झाला, आम्हाला वाटले मळ निघतोय. निघत होते ते गाणे. आमच्यात रसायनशास्त्राची डॉक्टरेट असताना हे झाले, म्हणून मुद्दाम लिहितो. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल कधीही लावू नये. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात बिनवासाच्या सौम्य डिटर्जंटचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि ब्रश फिरवायचा तो चरांच्या दिशेने गोल. लेबल कोरडे ठेवायचे. मग स्वच्छ पाण्याने धुऊन ताटाळ्यातल्या ताटांसारख्या उभ्या वाळवायच्या, हीटरपासून लांब. ठेवायच्याही उभ्याच. एकीवर एक थप्पी लावली की तडकतात.

वाजवायला सुईही वेगळी लागते. एलपीच्या सुईचे टोक साधारण ०.०२५ मिलिमीटरचे, ७८चे त्याच्या जवळजवळ तिप्पट. एलपीची सुई ७८वर लावली तर ती चराच्या तळाशी कचऱ्यात खडखडत जाते. जुन्या ग्रामोफोनच्या जड हातांनी आणि बोथट सुयांनी चराच्या भिंती झिजवलेल्या असतात. अशा वेळी थोडी जाड किंवा बारीक सुई लावली की ती न झिजलेल्या उंचीवर टेकते, आणि मेला वाटलेला आवाज उठून बसतो.

वेगाचेही तसेच. लेबलवर ७८ लिहिले म्हणून वेग ७८च असतो असे नाही. सहा टक्के फरक पडला तर काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. हे प्रथम लक्षात आले ते आपल्या पेटी वाजवणाऱ्या काकांच्या. आम्ही संगणकाच्या पडद्याकडे बघत होतो, ते कानाने ऐकत होते.

या पेट्यांमुळे थोडा इतिहासही कळला. १९२५ पूर्वी गायकांना कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहून गावे लागे. मोठा गायकवृंद त्यात मावतच नसे. मायक्रोफोन आला आणि चित्र बदलले. ३१ मार्च १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये सुमारे ८५० गायकांनी 'आदेस्ते फिदेलिस' हे नाताळचे गीत गायले आणि शेवटी श्रोत्यांनीही सूर मिळवला. कोलंबियाने त्याची तबकडी काढली. लोकांनी प्रथमच घरात बसून एवढा जनसमुदाय ऐकला. १९२७ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये पंधरा वर्षांच्या अर्नेस्ट लॉफने मेंडेल्सोनचे 'हिअर माय प्रेयर' गायले. ते नाताळचे गाणे नव्हे, पण ती तबकडी इतकी खपली की मूळ साचा झिजला आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुद्रण करावे लागले.

अशा तबकड्या आजही रग्गड सापडतात. त्या फुटल्या तर हळहळ वाटते, पण गाणे संपत नाही. आमच्या पेटीत एक तबकडी मात्र वेगळी निघाली. तिच्यावर कंपनीचे नाव नव्हते, फक्त शाईने लिहिलेले चर्चचे नाव आणि '१९५३ ख्रिसमस'. ती लाखेची नव्हतीच. अशा खासगी तबकड्यांत अॅल्युमिनियमच्या चकतीवर सेल्युलोज नायट्रेटचा लेप असतो आणि तो लवचीक राहावा म्हणून त्यात एरंडेल घालतात. वर्षे गेली की एरंडेलाचे विघटन होऊन पांढरी तेलकट पूड वर येते, लेप आकसतो आणि पापुद्रे सुटतात. ही तबकडी बाहेरच्या कडेने सुटली होती. पहिली दोन गाणी गेली. आतल्या बाजूचे शेवटचे गाणे तेवढे हाती लागले.

ते आम्ही चर्चच्या मंडळींना ऐकवले. एक आजी त्या वेळी बारा वर्षांच्या होत्या आणि त्या वृंदात गात होत्या. गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, "पहिलं गाणं नाही? त्यात माझी बहीण एकटी गायली होती." आम्ही नाही म्हणालो. आणखी काय म्हणणार? पाच वर्षे आधी कपाट उघडले असते तर कदाचित मिळाले असते.

सभासदहो, त्या संध्याकाळी घरी जाताना आम्ही कॅरोलचा विचार करत नव्हतो. आपल्या माळ्यावरच्या खोक्यांचा करत होतो. बाळगंधर्वांच्या, हिराबाईंच्या तबकड्या सांभाळणारे पुष्कळ आहेत. पण आपल्या मंडळाच्या पहिल्या गणपतीची आरती, नाट्यसंगीताच्या बैठका, गावाहून टपालाने आलेल्या कॅसेटवर आजोबांनी बोलून पाठवलेले पत्र, यांची प्रत जगात एकच आहे. आणि ती आपल्यापैकी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये ओल खाते आहे. १९५०-६०च्या मोठ्या रिळांना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर समजावे की फीत कुजते आहे आणि थांबायला वेळ नाही. कॅसेट वाजत नसेल तर ती फेकू नये. बहुधा आतला चिमुकला फेल्टचा तुकडा निसटलेला असतो. फीत नव्या डब्यात घातली की पुन्हा वाजते.

म्हणून आमचे म्हणणे असे. हात बसतो तो सरावाने, आणि सराव करायचा तो ज्याच्या हजार प्रती आहेत त्यावर. स्पिरिटची चूक कॅरोलच्या छापील तबकडीवर झाली, हे आपले नशीब. तीच चूक कोणाच्या आजोबांच्या आवाजावर झाली असती तर? चर्चच्या पेटीने आम्हाला शिकवले. आता ते शिक्षण घरी आणायचे आहे.

एक सावधगिरीही आम्ही शिकलो. संगणकावर खरखर पुसता पुसता चर्चचा घुमारही पुसला जातो आणि वृंद कपाटात कोंडून गायल्यासारखा वाटतो. म्हणून न पुसलेली मूळ प्रत आम्ही नेहमी वेगळी ठेवतो. आणि एका ठिकाणी कधीच ठेवत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या कित्येक सेवा महिनोन्महिने बंद राहिल्या. एवढ्या मोठ्या घरी असे होते, तर आपण दोन घरी प्रती ठेवलेल्या बऱ्या.

खर्चाचे विचाराल तर टर्नटेबल दान मिळाले आहे. लागतात त्या सुया आणि कागदी पाकिटे. ठराव मांडणाऱ्या काकांना आम्ही आग्रहाने बोलावत आहोत. पुढच्या बैठकीला यावे, ते १९५३चे गाणे ऐकावे, आणि येताना माळ्यावरची एक कॅसेट घेऊन यावे. त्यानंतर ते जे मत देतील ते आम्हाला मान्य आहे.

आपले नम्र,
ध्वनिजतन गटाचे कार्यकर्ते