घरांतील आरोग्य : माती कां खावीशी वाटते?

गोकुळांत श्रीकृष्णानें माती खाल्ल्याची चहाडी बलरामानें व गोपबालांनीं यशोदेकडे केली, तेव्हां ती माउली मुलावर रागें भरली खरी. पण पुढें तिनें एक गोष्ट केली, जी आपण सहसा करीत नाहीं. तिनें मुलाचें तोंड उघडून पाहिलें. तिला तेथें विश्वरूप दिसलें, हा भाग भक्तीचा. आमचें आजचें निवेदन त्याहून पुष्कळ साधें आहे. माती, भिंतीचे पोपडे, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ असें कांहीं खाणारें माणूस घरांत आढळलें म्हणजे आपण त्याच्या पाठींत धपाटा घालतों, किंवा त्याची थट्टा करतों. त्याचें तोंड, डोळ्यांच्या पापण्यांची आंतली बाजू आणि नखें यांचा रंग पाहण्याचें मात्र आपणांस सुचत नाहीं.

हें आम्ही दुसऱ्यास उपदेश करण्यासाठीं लिहीत नाहीं. चूक आमच्याच घरांत झाली. आमच्या घरांतील धाकट्या सूनबाई शिकलेल्या, स्वतः महाविद्यालयांत शिकविणाऱ्या. त्यांच्या उशाखालीं एके दिवशीं पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा सांपडला. मुलांनीं तो ओट्यावर आणून ठेवला आणि घरभर हंशा पिकला. कोणी म्हणालें, डोहाळे असतील; तसें कांहीं नाहीं असें कळल्यावर कोणी म्हणालें, लहानपणची खोड असेल. त्या हंशांत आम्हीही सामील होतों. सूनबाई मान खालीं घालून आंत गेल्या. पुढें दोन महिन्यांनीं जिना चढतां चढतां त्या मध्येंच बसल्या आणि त्यांना धाप आवरेना, तेव्हां डॉक्टरांकडे नेलें. निरोगी स्त्रीच्या रक्तांत हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरमागें निदान १२ ग्रॅम असावें. त्यांच्या रक्तांत तें साडेसातच भरलें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो हाच : "माती, खडू, बर्फ असें कांहीं खावेंसें वाटतें का?" जें लपविण्यासाठीं त्या माउलीनें इतका खटाटोप केला होता, तें त्यांच्या आजाराचें लक्षण होतें, आणि आम्हीं त्याचा विनोद केला होता.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांस अपरिचित होती असें मुळींच नाहीं. कालिदासाच्या रघुवंशांत गर्भवती सुदक्षिणेच्या मुखास मातीचा सुगंध येत होता असें वर्णन आहे, आणि दिलीप राजास त्याचें कौतुकच वाटलें. वैद्यांची दृष्टि मात्र निराळी होती. चरकसंहितेंत पांडुरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील एक मृद्भक्षणजन्य, म्हणजे माती खाण्यामुळें होणारा; आणि पांडुरोगाच्या चिकित्सेंत लोह व मंडूर यांचे कल्प दिलेले आहेत. कवीनें जें डोहाळे म्हणून रंगविलें, तेंच वैद्यानें रोगाच्या सदरांत मांडलें. आजचें वैद्यकशास्त्र या नात्याचीं दोन्हीं टोकें पाहतें. रक्तांतील लोह कमी झालें म्हणजे कित्येकांस माती, खडू, बर्फ अशा अखाद्य वस्तूंची ओढ लागते. आणि माती पोटांत गेली म्हणजे ती अन्नांतील लोहास धरून ठेवते, शिवाय जंतांचीं अंडीं पोटांत पोंचविते, म्हणून लोह आणखी कमी होतें. हें चक्र एकदां फिरूं लागलें कीं दटावून थांबत नाहीं.

येथें प्रश्न असा येतो कीं, हीं खनिज द्रव्यें शरीरांत असतात तरी किती? प्रौढ माणसाच्या देहांत चुना, म्हणजे कॅल्शियम, सुमारें एक किलो असतो आणि तो जवळजवळ सर्व हाडांत व दांतांत असतो. लोह मात्र अवघें तीन-चार ग्रॅम, म्हणजे एका लहानशा खिळ्याएवढें. जस्त दोन ग्रॅमच्या आसपास. तांबें त्याहूनही पुष्कळ कमी. आणि आयोडीन तर पंधरा-वीस मिलिग्रॅम, चिमटींतही न येण्याजोगें. परंतु या चिमटीभर द्रव्यावांचून गळ्यांतील ग्रंथीचें काम बंद पडतें. आणि गर्भवतीस तें पुरेसें मिळालें नाहीं, तर पोटच्या मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते. याच कारणानें मिठांत आयोडीन मिसळण्याची प्रथा देशोदेशीं पडली. प्रमाण अल्प म्हणून महत्त्वही अल्प, असा हिशेब शरीराच्या जमाखर्चांत चालत नाहीं.

जस्ताची गोष्ट तर विशेष मनोरंजक आहे, आणि तिच्यांतही मातीच आहे. बिहारांतील बक्सर येथें १९२८ सालीं जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद पाटण्यास वैद्यकीचें शिक्षण घेऊन अमेरिकेंत गेले, आणि तेथून १९५८ सालीं इराणांतील शिराझ शहरीं आले. तेथें त्यांच्यापुढें एक रोगी आणण्यांत आला. वय २१ वर्षांचें. पण दिसण्यांत दहा वर्षांचा मुलगा. उंची नाहीं, तारुण्याचें चिन्ह नाहीं, रक्त अतिशय फिकें. त्याचा आहार म्हणजे बहुतेक न आंबविलेल्या गव्हाची रोटी. आणि त्याखेरीज तो प्रत्यहीं सुमारें अर्धा किलो माती खात असे. शरीरांतून कोठें रक्त जात असल्याचें दिसेना. असे आणखीही रोगी तेथें आढळले. लोहाच्या अभावानें रक्त फिकें झालें हें समजण्याजोगें होतें; पण वाढ कां खुंटावी? लोहाच्या उणिवेनें इतकें खुजेपण येत नाहीं, हें प्रसादांस टोंचूं लागलें. प्राण्यांची वाढ जस्ताच्या अभावीं खुंटते हें त्यांस ठाऊक होतें. माणसास जस्ताची उणीव पडणें शक्य आहे, असें मात्र तेव्हां बहुतेक विद्वानांस वाटत नव्हतें. पुढें ईजिप्तमध्यें जाऊन त्यांनीं तशाच खुंटलेल्या तरुणांची तपासणी केली. त्यांच्या शरीरांत जस्त कमी असल्याचें दिसून आलें, आणि जस्त देतांच त्यांची उंची वाढूं लागली व तारुण्याचीं चिन्हें प्रकट झालीं. हे निष्कर्ष १९६३ सालीं प्रसिद्ध झाले. तरी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें मानवास जस्त आवश्यक आहे असें मान्य करून त्याचें दैनंदिन प्रमाण ठरविण्यास १९७४ साल उजाडावें लागलें.

आतां कोणी म्हणेल, गव्हांत तर जस्त असतें. मग रोटी खाणारास त्याची उणीव कां पडावी? याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांशीं फार निकट आहे. धान्याच्या कोंड्यांत आणि डाळींच्या दाण्यांत फायटिक आम्ल नांवाचें द्रव्य असतें. बीजानें पुढच्या रोपासाठीं केलेली ती सांठवण होय. हें आम्ल लोहास व जस्तास घट्ट कवटाळतें आणि आंतड्यांतून तसेंच बाहेर घेऊन जातें. पानांत खनिज आहे, पण रक्तांत येत नाहीं, अशी ही अवस्था. परंतु तेंच बीज भिजून अंकुरूं लागलें म्हणजे आपल्या सांठ्याचें कुलूप तें स्वतःच उघडतें; पीठ आंबलें म्हणजेही तेंच घडतें. आपल्या घरांत मटकीला मोड आणणें, मूग रात्रभर भिजविणें, आंबोळीचें पीठ आंबू देणें या ज्या चाली आहेत, त्यांनीं चव तर येतेच. पण खनिजेंही मोकळीं होतात. घाईच्या दिवसांत या चाली सुटत चालल्या आहेत, म्हणून हा उल्लेख विशेष करतों. मात्र यावरून कोंडा वाईट, मैदा चांगला, असा उलटा अर्थ कोणी काढूं नये. मैद्यांत अडथळा कमी, पण मुळांत द्रव्यही फार कमी.

लोहाच्या बाबतींत शाकाहारी घरांनीं अधिक सावध असावें. धान्य व भाज्या यांतील लोहाचा थोडासाच अंश अंगीं लागतो. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणांत पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह सांगितलें आहे. हा भेद ध्यानीं घ्यावा. घरांतील जिचा देह बहुधा सर्वांत लहान, तिची गरज दीडपट. आणि पुष्कळ घरांत पानावर शेवटीं बसते तीही तीच. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शंभरांत ५७ जणी रक्तक्षयी आढळल्या, महाराष्ट्रांत ५४. त्याच वयाचे पुरुष मात्र शंभरांत २५. शिकल्यासवरल्या घरांत हें संकट येत नाहीं असा आमचा जो समज होता, तो त्या दिवशीं जिन्यावर गळून पडला.

उपाय कठीण नाहींत. जेवणांत लिंबाची फोड, आवळा, पेरू, कच्ची कोशिंबीर असें कांहीं असलें म्हणजे त्यांतील क जीवनसत्त्वामुळें वनस्पतींतील लोह अधिक अंगीं लागतें. उलट जेवणाबरोबर किंवा त्यावर लगेच घेतलेला चहा लोहास अडवितो. तो तास-दीड तासानें घ्यावा. अळीव, तीळ, राजगिरा, पालेभाज्या, कडधान्यें यांचा आहारांत नित्य समावेश असावा, आणि नाचणीची भाकरी केवळ लहान मुलांची म्हणून बाजूस ठेवूं नये. तिच्यांत चुन्याचें प्रमाण इतर धान्यांहून कितीतरी अधिक आहे. भाजी लोखंडी कढईंत केल्यास थोडें लोह अन्नांत उतरतें. उपवासाच्या दिवशीं साबुदाणा आणि चार वेळां चहा, हा क्रम सोडून राजगिरा व फळें घेतलीं, तर व्रतास बाध येत नाहीं आणि देहासही नाहीं. लहान मुलांस जुलाब लागले असतां जलसंजीवनीबरोबर चौदा दिवसांपर्यंत जस्त देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें व युनिसेफनें २००४ सालीं केली आहे. त्याविषयीं आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावें.

परंतु हें वाचून कोणी औषधाच्या दुकानांतून गोळ्यांच्या बाटल्या आणूं लागतील, त्यांस आमची विनंती आहे कीं त्यांनीं क्षणभर थांबावें. खनिजांचा संसार एकत्र कुटुंबासारखा आहे. एकाचेच लाड केले तर दुसरें उपाशी राहतें. जस्त दीर्घकाळ अधिक प्रमाणांत घेतलें म्हणजे तें तांब्यास शरीरांत शिरूं देत नाहीं. ही गोष्ट १९७८ सालीं ज्या वैद्यांनीं प्रसिद्ध केली, त्यांत स्वतः आनंद प्रसादही होते. ज्यानें जस्ताचें महत्त्व जगास पटविलें, त्यानेंच जस्ताचा अतिरेक दाखवून द्यावा, यांत शास्त्राचा प्रामाणिकपणा दिसून येतो. चुन्याची गोळी व लोहाची गोळी एकाच वेळीं घेतल्यास पहिली दुसरीच्या आड येते. त्यांत कांहीं तासांचें अंतर हवें. लोह अंगांत सांठलें तर यकृतास अपाय करतें; शिवाय थॅलेसीमियासारख्या विकारांत रक्त फिकें असूनही लोहाचें औषध हानिकारक ठरूं शकतें. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. मूठभर गोळ्यांनीं बालकाच्या प्राणावर बेतूं शकतें. भस्मेंही जाणत्या वैद्याच्या देखरेखीखेरीज घेऊं नयेत. प्रथम रक्त तपासावें, कारण शोधावें, जंत किंवा अंतर्गत रक्तस्राव आहे काय तें पाहावें, आणि मग औषध.

आमच्या सूनबाईंस डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या. कांहीं आठवड्यांतच पेन्सिलींची ओढ आपोआप नाहींशी झाली. चार महिन्यांनीं रक्त बाराच्या वर गेलें. तरीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळ्या आणखी तीन महिने चालूं ठेविल्या, कारण रक्त भरलें तरी शरीराची कोठी भरण्यास वेळ लागतो. घरांत बदल झाला तो एवढाच : आतां आमच्याकडे स्त्रियांची पंगत मागाहून बसत नाहीं. भाजी सर्वांच्या पानांत एकाच वेळीं वाढली जाते, आणि ज्यास उशीर होईल त्याचा वाटा आधीं काढून ठेवतात. प्रथम आमच्या मातोश्रींस हें थोडें विचित्र वाटलें. मग त्याच एके दिवशीं म्हणाल्या, "मीही तरुणपणीं चुलीची माती खात होतें. कोणास सांगितलें नाहीं."

साठ वर्षांत त्यांना कोणी विचारलें नव्हतें, आणि आम्हीं, त्यांच्या मुलांनींही, नाहीं. वाचकभगिनींस व बंधूंस आमचें सांगणें इतकेंच कीं, आपल्या घरांतही असा एखादा पुडा उशाखालीं असेल. तो सांपडला तर हंसूं नका. जवळ बसून विचारा.