जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालणार की नाही, हे नेमकं कोण ठरवतं?

९ ऑगस्ट २०२५ रोजी ‘डेबियन’ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची १३वी आवृत्ती आली. तिच्यातल्या दोन बदलांची विशेष चर्चा झाली. इंटेल आणि एएमडीच्या जुन्या ३२-बिट प्रोसेसरसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं डेबियनने थांबवलं. त्याच आवृत्तीत ‘रिस्क-फाइव्ह’ या नव्या प्रोसेसर आर्किटेक्चरला पहिल्यांदाच अधिकृत स्थान मिळालं.

डेबियन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण उबुंटू ऐकलं असेल. उबुंटू डेबियनवर आधारित आहे. सी-डॅकची ‘बॉस लिनक्स’ ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा. त्यामुळे डेबियनमध्ये जे ठरतं, त्याचे पडसाद बऱ्याच ठिकाणी उमटतात. उबुंटूने तर डेस्कटॉपचा ३२-बिट इन्स्टॉलर २०१७मध्येच बंद केला होता.

‘जुना कॉम्प्युटर आहे ना, मग लिनक्स टाका’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपल्यावर तर तो जास्तच ऐकू येतोय. मग लिनक्सच जुनी मशीन्स का सोडतंय? आणि हा निर्णय होतो कुठे?

कर्नल म्हणजे काय?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. स्क्रीनवर दिसणारे आयकॉन, ब्राउझर, गाणी हे सगळं वरचं. मेमरी कोणाला किती द्यायची, कीबोर्डवर कोणतं बटण दाबलं, फाइल डिस्कवर कुठे लिहायची, हे सगळं कर्नल पाहतं. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचंच कर्नल असतं. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतली सगळी मशीन्स नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर चालतात.

पण फोनमधलं कर्नल उचलून पीसीवर टाकता येत नाही. कारण दोघांचे प्रोसेसर वेगळ्या भाषा बोलतात. फोनमध्ये बहुतेकदा ‘आर्म’ प्रोसेसर असतो, तर बहुतांश पीसींमध्ये ‘एक्स८६’. दोघांनाही फक्त शून्य आणि एकच कळतात हे खरं. पण मराठी आणि हिंदीची लिपी एक असली, म्हणून भाषा एक होत नाही. तसंच हे. प्रोसेसरच्या या भाषेला, म्हणजे त्याला समजणाऱ्या सूचनांच्या संचाला, ढोबळमानाने आर्किटेक्चर म्हणतात.

मग एकच लिनक्स सगळीकडे कसं चालतं?

लिनक्सचा सोर्स कोड एकच आहे, पण त्यातून तयार होणारी कर्नल्स अनेक आहेत. कोडमध्ये आर्किटेक्चरसाठी वेगळं फोल्डर असतं आणि त्यात आर्म, एक्स८६, रिस्क-फाइव्ह अशी प्रत्येकाची स्वतंत्र उपफोल्डर्स. कर्नल तयार करताना, म्हणजे ‘बिल्ड’ करताना, पहिला प्रश्न हाच असतो: कोणत्या आर्किटेक्चरसाठी?

त्यानंतर कॉन्फिगरेशन येतं. ही एक लांबलचक प्रश्नावली असते आणि तिच्यात दहा हजारांहून जास्त पर्याय आहेत. अमुक वाय-फाय चिप हवी का? अमुक फाइल सिस्टीम हवी का? प्रोसेसर कोणत्या पिढीचा? बहुतेक प्रश्नांना तीनपैकी एक उत्तर देता येतं. ‘हो’ म्हटलं तर तो भाग कर्नलमध्येच बसतो. ‘मॉड्यूल’ म्हटलं तर तो बाजूला ठेवला जातो आणि लागेल तेव्हा जोडला जातो. ‘नाही’ म्हटलं तर तो भाग त्या कर्नलमध्ये नसतोच. प्रोसेसरची पिढी निवडताना मात्र यादीतला एकच पर्याय घ्यायचा असतो. ही सगळी उत्तरं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठतात आणि त्या फाइलनुसार कर्नल तयार होतं.

अर्थात दहा हजार प्रश्नांची उत्तरं कोणी एकेक करून देत बसत नाही. प्रत्येक आर्किटेक्चरसाठी आधीच भरलेली फाइल मिळते आणि लोक तिच्यात हवे ते बदल करतात. शिवाय ज्या मशीनसाठी कर्नल बनवायचं, त्याच मशीनवर ते बनवावं लागत नाही. रास्पबेरी पायसाठीचं कर्नल वेगवान पीसीवर तयार करता येतं. याला ‘क्रॉस कंपाइल’ म्हणतात.

फरक समजून घ्यायचा तर शर्टाचं उदाहरण घ्या. स्वतःचं कर्नल स्वतः कॉन्फिगर करणं म्हणजे शिंप्याकडे माप देऊन शर्ट शिवून घेणं. डेबियन किंवा उबुंटू देतात ते रेडीमेड. ते जास्तीत जास्त लोकांना बसावं लागतं. म्हणूनच सर्वांत लहान साइज कोणती ठेवायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे दरवेळी येतो.

एक जुना प्रोसेसर ठेवायला त्रास काय?

उदाहरण ४८६चं. इंटेलचा हा प्रोसेसर १९८९मध्ये आला. पुढे आलेला पेंटियम त्याच भाषेत बोलायचा, पण त्याच्याकडे काही शब्द जास्त होते. मेमरीतले आठ बाइट तपासून एकाच दमात बदलण्याची सूचना हा त्यातलाच एक. प्रोसेसरची टिकटिक मोजणारा अंगभूत काउंटर हे दुसरं उदाहरण. ४८६च्या मूळ चिपमध्ये या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

कर्नलच्या पिढीच्या यादीत पेंटियम निवडला, तर तयार झालेलं कर्नल हे शब्द बिनधास्त वापरतं. ते ४८६वर सुरू करायला गेलात, तर सुरुवातीच्या तपासणीतच थांबतं आणि ‘यापेक्षा नवा प्रोसेसर हवा’ असा संदेश देतं. ४८६ चालू ठेवायचा, तर प्रत्येक नव्या शब्दाला जुना पर्याय लिहावा लागतो. तो तपासावा लागतो आणि आजूबाजूचा कोड बदलला की पुन्हा दुरुस्त करावा लागतो.

तपासणार कोण, हा खरा अडसर आहे. चालू स्थितीतला ४८६ किती डेव्हलपरकडे असेल? लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२२मध्येच ४८६ ही आता संग्रहालयातली वस्तू असल्याचं मत मांडलं होतं. एप्रिल २०२५मध्ये कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नार यांनी ४८६ आणि सुरुवातीच्या काही ५८६ चिपचा सपोर्ट काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात सुमारे १४ हजार ओळींचा कोड कमी होणार होता.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्स लिहायला घेतलं, ते ३८६ प्रोसेसरच्या पीसीवर. त्याच ३८६चा सपोर्ट डिसेंबर २०१२मध्ये काढला गेला. ज्या चिपवर लिनक्स जन्मलं, तिलाही त्यात कायमची जागा मिळाली नाही.

फक्त जुनं म्हणून काढतात का?

नाही. इंटेलचं ‘इटॅनियम’ हे आर्किटेक्चर २००१मध्ये बाजारात आलं. ते मोठ्या, महागड्या सर्व्हरसाठी होतं. जानेवारी २०२४मध्ये आलेल्या लिनक्स ६.७मधून ते वगळलं गेलं. म्हणजे ४८६पेक्षा बारा वर्षांनी तरुण असलेलं आर्किटेक्चर त्याच्या आधी बाहेर पडलं. कारण त्याची काळजी घेणारं कोणी उरलं नव्हतं.

इटॅनियम वापरणाऱ्या काही हौशी लोकांनी नाराजी व्यक्त केली. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी एक वाट मोकळी ठेवली. कोणी हा कोड मुख्य प्रकल्पाबाहेर वर्षभर नीट सांभाळून दाखवला, तर तो परत घेण्याचा विचार करू, अशी तयारी त्यांनी दाखवली. म्हणजे मशीनचं वय किंवा कंपनीचं नाव यापेक्षा, सांभाळणारा माणूस आहे की नाही, हे महत्त्वाचं.

भारताचा यात काय संबंध?

हाच नियम नव्या चिपलाही लागू होतो. आयआयटी मद्रासची ‘शक्ती’ आणि सी-डॅकची ‘वेगा’ ही भारतीय प्रोसेसरची कुटुंबं रिस्क-फाइव्हवर आधारित आहेत. केंद्र सरकारने एप्रिल २०२२मध्ये ‘डीआयआर-व्ही’ कार्यक्रम जाहीर केला, तो याच आर्किटेक्चरसाठी. शक्ती मालिकेतल्या चिपवर २०१८मध्येच लिनक्स सुरू झालं होतं.

रिस्क-फाइव्हचा मूळ सपोर्ट जानेवारी २०१८मध्ये आलेल्या लिनक्स ४.१५पासून आहे. पण तेवढ्याने काम भागत नाही. प्रत्येक चिपमध्ये घड्याळ, नेटवर्क, स्टोरेज यांचे भाग वेगळे असतात. त्यांचे ड्रायव्हर लिहून मुख्य कर्नलमध्ये पोहोचवावे लागतात. ते पोहोचले, की कॉन्फिगरेशनच्या यादीत त्या चिपच्या नावाची ओळ येते. त्यानंतरही कोणीतरी ती ओळ वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. चिप बनवल्याची बातमी एका दिवसाची असते, हे काम मात्र चिप वापरात असेपर्यंत चालतं.

तुमच्या कॉम्प्युटरचं काय?

घाबरण्याआधी एक गोष्ट तपासा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे जाऊन ‘सिस्टीम टाइप’ पाहा. तिथे ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं दिसलं, तर तुमचा प्रोसेसर ६४-बिटच आहे. फक्त त्यावर टाकलेली विंडोज ३२-बिटची आहे. असे कॉम्प्युटर आजही आहेत आणि त्यांवर ६४-बिट लिनक्स चालू शकतं. रॅम कमी असेल तर हलकी आवृत्ती निवडावी लागते, इतकंच. इंटेलचे कोअर २ डुओ हे २००६पासूनचे प्रोसेसरही ६४-बिट आहेत.

खरी अडचण आहे ती सुरुवातीचे पेंटियम ४ आणि २००८च्या आसपासच्या ॲटम एन२७० चिपच्या छोट्या नेटबुकसारख्या मशीन्सची. ती उद्या सकाळी बंद पडणार नाहीत, आज आहे ते चालतच राहील. पण सुरक्षेचे अपडेट थांबले की त्यांवर बँकेचं किंवा आधारशी संबंधित काम करणं धोक्याचं. ब्राउझरही हळूहळू साथ सोडतात. मोझिलाने ३२-बिट लिनक्ससाठीची फायरफॉक्सची नियमित आवृत्ती १४४वर थांबवली. अशा मशीनवर इंटरनेटशिवाय टायपिंग, शिकवणी, गाणी यांसारखी कामं करता येतील.

लिनक्सचा जुना कोड मात्र कुठे जात नाही. तो सगळ्यांसाठी खुला आहे. एखाद्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, तर कोपऱ्यात पडलेल्या नेटबुकसाठी ते स्वतः कर्नल कॉन्फिगर करून बिल्ड करू शकतात. बंदिस्त सिस्टीममध्ये कंपनीने सपोर्ट थांबवला की विषय संपतो. इथे तो संपत नाही, पण सांभाळायची जबाबदारी आपल्याकडे येते. ती घेणारे हात मिळतात का, यावरच जुन्या नेटबुकचं आणि नव्या भारतीय चिपचं, दोघांचंही भवितव्य अवलंबून आहे.