हद्दपारी एकाची, शिक्षा दोघांना

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना अमृतसर येथे आणून सोडण्यात आले, तेव्हा त्यांच्या हातापायांतील बेड्यांची चर्चा देशभर झाली. त्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातील होते. बेड्या विमानतळावर निघाल्या. परंतु प्रत्येक हद्दपारीबरोबर कायद्याचा एक प्रतिबंध माणसाच्या मागे लागतो आणि तो पुढे कित्येक वर्षे सुटत नाही, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. हद्दपार झालेल्याची पत्नी किंवा पती अमेरिकेचा नागरिक असेल, तर हा प्रतिबंध दोघांनाही भोगावा लागतो. म्हणूनच हा प्रश्न शांतपणे तपासून पाहण्याजोगा आहे.

अमेरिकन नागरिकाशी लग्न केले की ग्रीन कार्ड आपोआप पदरात पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिच्यात अर्धेच सत्य आहे. नागरिकाच्या वैवाहिक जोडीदारास वार्षिक संख्यामर्यादा लागू नाही, हे खरे. तथापि विवाहाच्या आधारे केलेला अर्ज मंजूर होणे, म्हणजे नाते खरे असल्याची शासनाने दिलेली केवळ पावती होय. देशात प्रवेश करण्याचा हक्क तिच्यातून उत्पन्न होत नाही. प्रवेशास अपात्र कोण, हे ठरविणारी कलमे निराळी आहेत आणि १९९६ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ती विलक्षण कठोर केली.

वर्षांचे गणित

या कायद्याचे गणित असे आहे. परवान्यावाचून १८० दिवसांहून अधिक, परंतु वर्षाहून कमी काळ राहून जो स्वतःहून देश सोडील, त्यास ३ वर्षे प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहिलेल्यास १० वर्षे. सीमेवरूनच परत पाठविलेल्यास ५ वर्षे, अन्य हद्दपारास १० वर्षे, दुसऱ्यांदा हद्दपार झालेल्यास २० वर्षे. हद्दपारीनंतर जो चोरून पुन्हा आत शिरेल त्यास कायमची बंदी. आणि १० वर्षे देशाबाहेर काढल्यावाचून त्यास परवानगीचा अर्जदेखील करता येत नाही.

अशा माणसाला परतावयाचे असेल, तर पुष्कळदा दोन वेगळे अडथळे ओलांडावे लागतात. एक, पुन्हा प्रवेश मागण्यासाठी शासनाची संमती. दुसरा, बेकायदा वास्तव्याबद्दल माफी. माफीसाठी नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या जोडीदारास किंवा आईवडिलांस कमालीची हालअपेष्टा सोसावी लागेल, हे सिद्ध करावे लागते. मुलांचे हाल, ती मुले अमेरिकेची नागरिक असली तरी, स्वतंत्रपणे जमेस धरले जात नाहीत. विरहाचे दुःख आणि उत्पन्नातील घट ही तर ताटातुटीची नेहमीचीच फळे. तेवढ्याने भागत नाही, अशी शासनाची भूमिका आहे. म्हणजे जे दुःख सर्वांच्या वाट्याला येते, तेच हिशेबात सर्वांत हलके ठरते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या रचनेतील दोष उघड आहे. बेकायदा वास्तव्याबद्दलची बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. चोरवाटेने आलेल्या आणि पुढे नागरिकाशी विवाह केलेल्या व्यक्तीस सामान्यतः देशात राहून ग्रीन कार्ड मिळत नाही. त्यासाठी मायदेशातील वकिलातीत जावे लागते, आणि बाहेर पाऊल टाकताच बंदीचे दार मागे बंद होते. साहजिकच जो कायद्याच्या वाटेने जाऊ पाहतो त्याला जबर किंमत द्यावी लागते आणि जो दडून राहतो त्याची ती वाचते. माणसास परत पाठविण्यासाठी केलेला कायदा त्याला आतच दडून राहण्याचे कारण पुरवितो. जो हद्दपार झालाच, त्याच्या घरी दोन देशांत दोन चुली पेटतात. मिळवत्या हातांपैकी एक जातो आणि उरलेल्याच्या मिळकतीतून वकिलाची फी, विमानप्रवास आणि परदेशातील खर्च भागवावा लागतो.

ही विसंगती शासनाच्या ध्यानात आली नव्हती, असे नाही. देश सोडण्यापूर्वीच माफीचा निर्णय मिळण्याची सोय २०१३ साली झाली व २०१६ साली ती विस्तारली. पण ज्यावर हद्दपारीचा हुकूम आहे, त्यास आधी संमती मिळवावी लागते. २०२४ साली नागरिकांच्या सुमारे ५ लाख जोडीदारांसाठी आखलेली सवलतीची योजना टेक्सासमधील संघराज्य न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द ठरविली.

न्यायालयाचे दार

न्यायालयाकडून नागरिकासही फारशी आशा उरलेली नाही. सँड्रा मुनोझ या अमेरिकन वकील महिलेच्या एल साल्व्हाडोर येथील पतीस २०१५ साली व्हिसा नाकारण्यात आला. त्याच्या अंगावरील गोंदणावरून तो एका गुन्हेगारी टोळीचा असल्याचा संशय घेण्यात आला होता आणि आरंभी कारणही नीट सांगितले गेले नव्हते. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. परकी जोडीदारास देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, असे बहुमताने ठरविले. विवाहस्वातंत्र्य मूलभूत मानणाऱ्या त्याच न्यायालयाने सहजीवनाचा प्रश्न मात्र अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडला, असेच म्हणावे लागेल.

खोट्या लग्नांचे पेव फुटेल, हा आक्षेप येथे घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु त्यावरचा उपाय कायद्यात आहेच. १९८६ पासून नव्या विवाहावर मिळणारे कार्ड प्रथम दोन वर्षांपुरते सशर्त असते आणि बनावट विवाहास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोट्यास पकडण्याची यंत्रणा असताना खऱ्यास शिक्षा देण्याचे प्रयोजन उरत नाही.

सीमा राखण्याचा राज्याचा अधिकार कोणी अमान्य करीत नाही. प्रश्न प्रमाणाचा आणि कारणे सांगण्याच्या जबाबदारीचा आहे. केवळ परवाना संपल्यावर राहिलेला आणि हिंसक गुन्हा केलेला यांच्यात स्पष्ट भेद असावा, मुलांचे हाल जमेस धरावेत, नकाराची कारणे लेखी द्यावीत आणि त्यावर अपिलाची सोय असावी, एवढी मागणी कोणत्याही कायद्याच्या राज्यास पेलण्याजोगी आहे.

हा निकष आपल्याकडेही लावावा लागेल. भारतीयाशी विवाह केलेल्या परकी व्यक्तीस नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी अर्ज करण्यापूर्वी ७ वर्षे येथे वास्तव्य करावे लागते, आणि बेकायदा स्थलांतरितास ती वाट सर्वसाधारणतः बंदच आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचा नवा कायदा देशात लागू झाला आहे. अमृतसरच्या धावपट्टीवरील दृश्याने ज्यांचे मन व्यथित झाले, त्यांनी या कायद्याची अंमलबजावणीही त्याच डोळ्यांनी पाहिली पाहिजे.