कुत्र्यापुढे काळीज टाकू नका



लस म्हटली की पुण्याजवळच्या मांजरीचे नाव निघते. सीरम इन्स्टिट्यूटचा मोठा कारखाना तिथे आहे. पण आपल्या दारातल्या कुत्र्यापासून होणाऱ्या एका रोगावर माणसासाठी लस मांजरीत नाही, जगातही कुठे नाही. हा रोग म्हणजे हायडॅटिड, पोटातली पाण्याची गाठ.

कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळासारखे तुकडे दिसले की आपण म्हणतो, जंत झाले. तो जंत पिसवांतून येतो. पिसू पोराच्या पोटात गेली तर त्यालाही होतो, पण औषधाने जातो. घातक जंत वेगळाच आहे. तो फार तर 7 मिलिमीटरचा, नजरेला पडत नाही. कुत्रा धडधाकट दिसतो आणि त्याच्या विष्ठेतून अंडी पडत राहतात. शेळी ती चाऱ्यातून गिळते, माणूस न धुतलेल्या हातांनी. मग यकृतात किंवा फुफ्फुसात गाठ धरते. वर्षानुवर्षे दुखत नाही. दुखू लागते तेव्हा अनेकदा मोठे ऑपरेशन करावे लागते. गाठ फुटली तर जिवावर बेतते. कोरडवाहू शेतकऱ्याचे एक सबंध पीक त्यात जाते.

कुत्र्याला हा जंत देतो कोण? आपणच! बोकड कापला, काळजावर पाण्याचे फोड दिसले, की ते उचलून कुत्र्यापुढे टाकतो. मीही टाकले आहे. दीड-दोन महिन्यांत त्या कुत्र्याच्या पोटातले जंत अंडी घालू लागतात.

न्यूझीलंड हा मेंढपाळांचा देश. तिथे 1959 साली हायडॅटिडसाठी कायदा झाला. कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी औषध, कच्चे अवयव खाऊ घालण्यास बंदी. 2002 साली देशाने तात्पुरती रोगमुक्ती जाहीर केली. लस नव्हती, शिस्त होती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबरोबर जंतनाशकही सांगितले आहे. पण एकदा औषध देऊन भागत नाही. पुन्हा कच्चे काळीज खाल्ले की पुन्हा जंत. मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महापालिकेत गेले. तिथे जाब विचारायला महापालिका तरी आहे. आपल्या गावात कोणाला विचारायचे?

म्हणून मागणी साधी आहे. जनावरांच्या लसीकरणाला डॉक्टर गावात येतात, तेव्हा कुत्र्यांनाही प्राझिक्वांटेलची गोळी द्या, आणि ती ठरल्या वेळी पुन्हा द्या. बाजाराच्या गावी खाटकाच्या जागेजवळ झाकणाचा खोल खड्डा करा.

सरकार करील तेव्हा करील. फोडाचे काळीज खोल पुरणे किंवा अर्धा तास उकळणे, आणि कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, याला कोणाची मंजुरी लागत नाही.